माती ओली, तरी लिंबोणी मलूल: कुंडीतल्या मुळांचं दुखणं कसं ओळखायचं

सप्टेंबर सरता सरता पाऊस उघडीप देतो, ऊन एकदम कडक पडतं आणि चार-आठ दिवसांत कुंडीतली लिंबोणी माना टाकते. बोट लावून बघावं तर माती ओली. तरी मनात येतं, ऊन लागलं असेल बिचारीला, आणि आपण आणखी तांब्याभर पाणी घालतो. दुसऱ्या दिवशी पानं जास्तच लोंबतात. पुढच्या आठवड्यात ती पिवळी पडून गळायला लागतात आणि दिवाळीपर्यंत नुसत्या काट्याकुट्या उरतात. मग नर्सरीतून नवं रोप येतं, त्याच कुंडीत, त्याच मातीत लागतं, आणि पुढच्या ऑक्टोबरला पुन्हा तेच.

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आणि गॅलऱ्यांमध्ये मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता ऑक्टोबर उजाडला की शेजारपाजारचे निरोप यायला लागतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "पाणी किती घालू?" मला वाटतं प्रश्नच चुकतो. कुंडीत पाणी किती गेलं यापेक्षा पाणी गेल्यावर मुळांना हवा किती उरली, हे बघायला हवं.

शेतकऱ्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेला, जादा पाणी निचरून गेलं, माती ओलसर आहे पण चिकट नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि टिचकी मारली की फुटतो. तो वाफसा. शेतकरी वाफसा आल्याशिवाय पेरणीला हात घालत नाही. आपण मात्र कुंडीच्या बाबतीत दोनच अवस्था ओळखतो, ओली आणि कोरडी. झाडाला लागते ती या दोन्हींमधली तिसरी.

मुळं नुसती पाणी ओढत नाहीत, ती श्वासही घेतात. पाणी आणि अन्नद्रव्यं आत घ्यायला त्यांना ताकद लागते आणि ती ताकद ऑक्सिजनवर येते. मातीतली पोकळी पाण्याने भरली की तिथे हवा पोचत नाही, कारण पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे १०,००० पटींनी कमी असतो. आधी मरतो तो जारवा, म्हणजे केसासारखी बारीक तंतुमुळं. पाणी ओढण्याचं खरं काम तीच करतात. मग उरलेल्या जाड मुळांवर मूळकूज चढते. लिंबूवर्गीय झाडांत ही कूज बहुतेकदा फायटोप्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होते. त्याचे बीजाणू पाण्यात पोहू शकतात, त्यामुळे साचलेलं पाणी त्याला हमरस्ताच.

आता ऑक्टोबरचं कोडं सुटतं. मुळं मरतात ती जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा आभाळ भरलेलं, हवा दमट, पानांना पाणी लागतच किती? निम्मी मुळं गेली तरी उरलेल्या निम्म्यांवर झाड निभावून नेतं, वरून हिरवंगार दिसतं. ऑक्टोबरचं ऊन पडलं की पानांची मागणी एकदम वाढते आणि खाली पुरवठा करायला कोणी नसतं. दुखणं श्रावणातलं, दिसतं दसऱ्याला. आपण मात्र दोष उन्हाला देतो आणि पाणी वाढवतो.

पानावर विश्वास ठेवू नका, कुंडी उचला

तहानलेलं झाड आणि गुदमरलेलं झाड, दोघांचीही पानं लोंबतात. थोडा फरक असतो. तहानेची पानं होडीसारखी आत वळतात, हाताला कागदासारखी लागतात. गुदमरलेल्या झाडाची पानं मऊ राहून खाली लोंबतात. पण हा फरक पहिल्या दोन-चार दिवसांतच कळतो. पुढे दोन्ही पानं सारखीच वाळतात, म्हणून एवढ्यावर निदान करू नये.

वजन मात्र खोटं बोलत नाही. कुंडीला पोटभर पाणी घालून, तळातून वाहायचं थांबलं की ती एकदा उचलून बघा आणि ते वजन हाताला लक्षात ठेवा. रोज सकाळी कड धरून जराशी कलती केली तरी पुरतं. दोन-तीन आठवड्यांत हाताला सवय होते. झाड मलूल आणि कुंडी हलकी, तर तहान. झाड मलूल आणि कुंडी जड, तर मुळं बिघडली, आणि आता एक थेंबही घालायचा नाही.

बोटाची परीक्षा अपुरी का पडते, तर बोट जातं दोन इंच आणि कुंडी असते चौदा इंच. वरचा थर वाऱ्याने सुकतो, तळाला चिखल असतो. त्यापेक्षा लाकडी काडी घ्या, कुल्फीची किंवा जुन्या पतंगाची कामटी चालेल. कडेने तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा आणि नाकाशी धरा. ओल्या मातीचा वास आला तर ठीक. गटारासारखा किंवा नासक्या अंड्यासारखा वास आला तर तळाशी हवा संपलेली आहे.

दुसरं, झाड सकाळी सहाला बघा. दुपारी मलूल आणि सकाळी ताजंतवानं, तर काळजी नको, कडक उन्हात बरीच झाडं असं करतात. रात्रभराच्या गारव्यानंतरही पहाटे पानं लोंबलेलीच असली, तर मुळांकडे बघायलाच हवं.

आणि पानांचा पिवळेपणा कुठला आहे ते नीट बघा, कारण इथेच लोक खतांच्या मागे लागतात. कोवळ्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर बहुतेक लोह मिळत नाहीये. चुनखडीयुक्त मातीत आणि जड पाण्यावर वाढलेल्या लिंबोणीत हे फार दिसतं. उलट शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा, विशेषतः मधली जाड शीर पिवळी, तर मूळ किंवा बुंध्याची साल दुखावल्याचा संशय घ्या. पहिल्यालाही सूक्ष्म अन्नद्रव्यं फवारण्याआधी निचरा तपासावा, कारण गुदमरलेली मुळं मातीत असलेलं लोहसुद्धा उचलू शकत नाहीत.

झाड बाहेर काढायचंच

इथे बरेच जण कचरतात. "मुळं हलली तर मरेल ना?" तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनीही हेच विचारलं होतं. त्यांची साई सरबती, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं वाण, दोन वर्षं भरभरून फळं दिलेली, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात उभ्या उभ्या मलूल झाली. कुंडी सोळा इंची प्लास्टिकची, खाली ताटली, ताटलीत दोन बोटं पाणी. मी म्हटलं, "काकू, मुळं मेलेली असतील तर हलवून आणखी काय बिघडणार? आणि जिवंत असतील तर दहा मिनिटांत परत ठेवू."

वर्तमानपत्रं पसरली, कुंडी आडवी केली, कडेने थापट्या मारल्या आणि खोड धरून हळूच ओढलं. कुंडीची भोकं आतून पूर्ण बंद होती. माती बसू नये म्हणून तळाशी घातलेली खडी आणि त्यावर बसलेला लाल मातीचा लगदा, दोन्ही मिळून सिमेंटसारखा थर झालेला. गोळ्याचा खालचा अर्धा भाग काळपट, वास येणारा. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत पांढरा दोरा तेवढा उरला. मूळकुजीची याहून स्पष्ट खूण नाही. वरच्या चार इंचांत मात्र पिवळसर-पांढरी, टणक, नखाने मोडली तर कट्कन तुटणारी मुळं होती. काकूंना ती दाखवली आणि सांगितलं, झाड वाचेल.

त्याच आठवड्यात शेजारच्या इमारतीत दुसरी लिंबोणी बघितली. पानं अगदी तशीच. कुंडीत वरून काठोकाठ कोकोपीट, हाताला छान ओलं. गोळा काढून कापला तर मधोमध नर्सरीतला लाल मातीचा मूळ गोळा, नारळाएवढा, विटेसारखा कडक आणि कोरडा ठाक. घातलेलं सगळं पाणी बाजूच्या कोकोपीटमधून तळाला जात होतं. मुळं होती त्या गोळ्यात आणि ती तहानेने मरत होती. या घरीही त्यांनी "जास्त पाणी झालं" समजून पंधरा दिवस पाणी तोडलं होतं. उपाय साधा होता. गोळा बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवला, बाहेरची माती बोटांनी सैल केली आणि सगळी कुंडी एकाच मिश्रणात पुन्हा भरली. म्हणून सांगतो, बाहेर काढून बघितल्याशिवाय औषध करू नका.

नर्सरीतून आणलेलं रोप लावतानाच हा गोळा निम्मा तरी मोकळा करावा. आपल्याकडच्या नर्सऱ्या रोप दूरच्या प्रवासात टिकावं म्हणून चिकण लाल मातीत घट्ट बांधतात. प्रवासापुरतं ते ठीक आहे, घरच्या कुंडीत तो गोळा पुढे त्रास देतो.

तळाशी खडी घालू नका

ही सवय मोडायला मला स्वतःला बरीच वर्षं लागली. खडी घातली की निचरा सुधारतो असं सगळेच सांगतात. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. ते सीमेवर अडतं आणि माती तिथे तुडुंब राहते. कुंडीच्या तळाशी एरवीही एक ओला थर राहतोच, खडीने तो थर आणखी वर, मुळांच्या जवळ येतो.

घरात करून बघा. भांडी घासायचा जाड स्पंज भिजवून ताटात आडवा ठेवा. पाणी टपकायचं थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळेल. स्पंज तोच, उंची वाढली एवढंच. म्हणून लिंबोणीला पसरट कुंडीपेक्षा उंच कुंडी चांगली. भोकावर एक खापरीचा तुकडा किंवा मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ठेवा, बास.

कापणं आणि पुन्हा लावणं

कुजलेली मुळं जिथे पांढरा, टणक भाग लागतो तिथपर्यंत कापायची. कात्री स्पिरिटने पुसून घ्या, मधूनमधून पुन्हा पुसा. दया दाखवून अर्धवट कुजलेलं मूळ ठेवू नका, कूज तिथूनच वर चढते. मग जेवढी मुळं गेली, साधारण त्या प्रमाणात वरचा भारही कमी करायचा. संत्र्याच्या बागेत वाळक्या फांद्या काढण्याला सल काढणं म्हणतात. इथे सल तर काढायचीच, शिवाय हिरव्या फांद्याही तिसरा हिस्सा कमी करायच्या आणि फळं, कळ्या सगळ्या तोडायच्या. काकूंना फळं तोडताना वाईट वाटलं, मलाही वाटलं, पण सहा मुळांवर वीस लिंबं पोसली जात नाहीत.

कुंडी मोठी घ्यायची नाही. उरलेल्या मुळांच्या मापाची, लागलं तर आधीपेक्षा लहान. मोठ्या कुंडीत मुळं नसलेली माती आठवडाभर ओली राहते आणि पुन्हा तेच सुरू होतं. मिश्रणासाठी माझं प्रमाण असं: चाळलेली पोयटा माती ३ भाग, धुतलेलं कोकोपीट २ भाग, जुनं गांडूळखत २ भाग, भाताचा तूस किंवा विटांचे वाटाण्याएवढे तुकडे ३ भाग. वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुवून घ्या, त्यात क्षार असतात आणि दुखऱ्या मुळांना ते सोसत नाहीत. कृषी सेवा केंद्रात ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पावडर मिळते, ती गांडूळखतात मिसळता येते. ती निरोगी मुळांना राखण म्हणून उपयोगी आहे, मेलेली मुळं तिने जिवंत होत नाहीत.

लावताना बुंधा मातीत गाडू नका. पहिली मुळं फुटतात ती जागा मातीच्या पातळीवर दिसली पाहिजे. कलम असेल तर सांधा मातीच्या चांगला वर. विदर्भात संत्र्याला दुहेरी आळं करतात ते यासाठीच, आतल्या आळ्याने पाणी खोडापासून लांब राहतं आणि डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक गळण्याचा रोग, टळतो. कुंडीतही बुंध्याशी मातीला किंचित उंचवटा द्या आणि पाणी कडेने घाला. बुंध्यावर डिंकाचे थेंब दिसले तर ती साल धारदार चाकूने निरोगी भागापर्यंत खरवडून बोर्डो पेस्ट लावा. बागेत १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी घेतात, घरी १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर. मोरचूद आणि चुना वेगवेगळे, प्लास्टिकच्या भांड्यांत कालवून मग एकत्र करायचे. लोखंडी भांडं नको, हातमोजे हवेत आणि पेस्ट त्याच दिवशी वापरायची. पोरांच्या आणि मांजरांच्या आवाक्यात ठेवू नका.

लावल्यावर माती तुडवून दाबू नये. एकदाच भरपूर पाणी घालून ती आपोआप बसू द्यावी. त्यानंतर दोन-तीन आठवडे सावली, जिथे सकाळचं कोवळं ऊन तेवढं येतं. पुढचं पाणी कुंडी निम्म्याने हलकी झाल्यावरच. पानं लोंबलेली दिसली तर पानांवर पाण्याचा फवारा द्या, मुळांशी नको. आणि महिनाभर खत नाही, ना युरिया, ना डीएपी, ना ताकाचं पाणी. आजारी मुळांना खत घालण्याने जितकी झाडं गेलेली मी पाहिलीत, तितकी किडीने गेलेली पाहिली नाहीत.

इतर काही, थोडक्यात

मातीत जाड पांढरी, वाकडी, तपकिरी डोक्याची अळी सापडली तर ती हुमणी. ती अर्धकच्च्या शेणखताबरोबर येते आणि मुळं कुरतडते. हाताने वेचा आणि पुढच्या वेळी पूर्ण कुजलेलंच खत आणा. कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरी पापुद्री आणि पानांची टोकं जळकी, तर बोअरवेलच्या पाण्याचे क्षार. मुळं निरोगी असतील तरच कुंडीच्या दुप्पट-तिप्पट साधं पाणी ओतून क्षार धुवून काढा. मुळं कुंडीच्या आकारात गोल गोल गुंडाळली असतील आणि पाणी घातल्याबरोबर तळातून सटासट निघून जात असेल, तर बाहेरची एक-दीड इंच मुळं कापून नवी माती द्या. आणि पश्चिमेच्या गॅलरीतली काळी प्लास्टिकची कुंडी एप्रिल-मेमध्ये उन्हाच्या बाजूने हाताला चटका देते, त्या बाजूची मुळं अक्षरशः भाजतात. गोणपाट गुंडाळा किंवा पुढे दुसरी कुंडी ठेवा.

ताणाबद्दल मात्र कळकळीने सांगायचंय. बागायतदार हस्त बहारासाठी, म्हणजे पावसाळा सरताना येणाऱ्या फुलांसाठी, पाणी तोडतात, लिंबोणीला ताण देतात, मग फुलं येतात आणि उन्हाळ्यात भाव मिळतो. ते वाचून गच्चीवरही लोक पंधरा-वीस दिवस पाणी बंद करतात. बागेतल्या झाडाची मुळं खोल जमिनीत ओल शोधत जातात, ताण तिथे हळूहळू बसतो. चौदा इंची कुंडी दोन-तीन दिवसांत कोरडी होते आणि जारवा वाळतो. मग फुलांच्या आशेने एकदम भडाभडा पाणी घातलं की वाळक्या जारव्यावर कूज. कुंडीतल्या लिंबोणीला ताण देऊ नये. नियमित वाफसा आणि दिवसाचं पाच-सहा तास ऊन मिळालं तर ती आपल्या वेळेला फुलते.

झाड वाचतंय की नाही

नखाने खोडाची साल जराशी खरवडा. आत हिरवं असेल तर थांबा, पानं नसली तरी थांबा. बुंध्याशी सगळीकडून साल तपकिरी, ओलसर आणि सुटलेली असेल तर ते झाड गेलं, त्याच्यावर आणखी महिना घालवू नका. ती माती दुसऱ्या लिंबोणीला वापरायची नाही. मे महिन्यात ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे कडक उन्हात तापवली, तर पालेभाज्यांना चालेल. कुंडी साबणाने घासून उन्हात वाळवा.

जूनच्या पहिल्या पावसाआधी एक फेरी मारा. ताटल्या काढून टाका, प्रत्येक कुंडी दोन विटांवर चढवा, भोकांत खालून खिळा घालून ती मोकळी करा. वेळ लावून चालणारं ठिबक असेल तर चार महिने सरळ बंद. सलग आठवडाभर झड लागली तर कुंडी वळचणीला सरकवा, ते जमत नसेल तर एका बाजूची वीट काढून तिरकी ठेवा. तिरकी कुंडी जास्त निचरते, त्या स्पंजासारखीच.

काकूंच्या लिंबोणीला नोव्हेंबरभर एकही पान नव्हतं. त्या रोज सकाळी कुंडी कलती करून बघायच्या आणि जिन्यात भेटल्या की सांगायच्या, "आज अजून जड आहे हो, नाही घातलं." डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात खालच्या फांदीच्या काट्यापाशी तांबूस, तांदळाएवढा फुटवा आला.